कचरा न करणारं झाड

कात्रीबुवांची काडी कधी मरत नसे. रोपवाटिकेत हे सगळेच मान्य करायचे, त्यांच्यावर डूख धरून असलेलेसुद्धा. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन डोळ्यांची काडी. वरून सरळ छाट, खालून तिरका. खालची पानं खुडायची, वरचं पान अर्धं कापायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि सावलीत बसून पिशवीत खोचायची. बाकीचे माळी नेमकं हेच करत आणि त्यांच्या शंभरातल्या चाळीस जगत. कात्रीबुवांच्या पंचाण्णव. हाताला गुण असतो म्हणतात तो हाच असावा. मला दुसरं कारण सापडलं नाही आणि मी शोधलंही नाही, कारण मी तिथली कारकून. माझं काम रजिस्टर.

हे नाव त्यांना कोणी दिलं ते माहीत नाही. खिशात कायम छाटणीची कात्री आणि बोलणंही मोजून कापलेलं, म्हणून पडलं असावं. नव्या माळ्याने लावलेली काडी ते उपटून बघत, परत खोचत आणि "हं" म्हणून पुढे जात. त्या एका "हं"पायी एक जण दोन दिवस रजा टाकून घरी बसला होता. नीटनेटकेपणा हा त्यांचा आजारच म्हणायचा. पिशव्यांच्या रांगा दोरी धरून लावलेल्या, झारी उजवीकडच्याच खिळ्याला, आणि माझ्या टेबलावर चहाच्या कपाचा गोल डाग दिसला की स्वतःच्या रुमालाने पुसणार. बावीस वर्षं आम्ही एका छपराखाली काढली. आमचं पटायचं असं मी म्हणणार नाही. सवय झाली होती.

आमची रोपवाटिका पालिकेची. सुरुवातीला आम्ही दिखाऊ रोपं करायचो, बाहेरून आणलेली, रंगीत पानांची, चार महिन्यांत कुंपणाच्या वर जाणारी. मग एक नवे साहेब आले आणि त्यांनी फर्मान काढलं, की यापुढे फक्त इथल्याच मातीतली झाडं. बागेत तीच, रस्त्याकडेला तीच आणि उजाड जागेवर तर तीच. त्यांनी कारणंही समजावून सांगितली. इथल्या पाखरांना आणि किड्यांना ही झाडं ओळखीची असतात, एकदा रुजली की ती पाणी मागत नाहीत, आणि लावणारा माणूस निघून गेला तरी त्यांची पिलावळ आपली आपण वाढत राहते. हा शेवटचा मुद्दा आम्ही सगळ्यांनी माना डोलावून ऐकला आणि चहा प्यायला गेलो.

फर्मान निघालं, पण रोपं निघेनात. रानातलं बी म्हणजे हट्टी प्रकरण. कोणी ते भिजवलं, कोणी वाळूवर घासलं, एकाने तर उकळत्या पाण्यात टाकलं. महिनोन् महिने पिशव्यांत नुसती माती. साहेब रोज येऊन पिशव्यांकडे बघायचे आणि माळी दुसरीकडे बघायचे. तेव्हा कात्रीबुवा म्हणाले, "बी कशाला? काडी लावतो."

साहेबांच्या यादीत पंधरा झाडं होती. त्यातलं काडीवर हमखास येणारं एकच. त्याचं शास्त्रातलं नाव भलतं लांब आहे. आम्ही त्याला काळफळी म्हणायचो, कारण त्याचं फळ वाटाण्याएवढं आणि काळं असतं. पिकून पडलं की फरशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, उभ्या गाड्यांवर असा डाग पडतो की तो निघायचं नाव घेत नाही. या एका कारणाने शहरातल्या लोकांनी आपापल्या दारातल्या काळफळ्या कधीच तोडून टाकल्या होत्या. पाण्याच्या टाकीमागे मात्र एक जुनं झाड होतं. फुलायचं भरभरून, पण खाली एक फळ पडेल तर शपथ. फरशी कायम स्वच्छ. कात्रीबुवांना ते झाड फार आवडायचं. "शहाणं झाड आहे," ते म्हणायचे. "कचरा करत नाही."

म्हणून काड्या त्या झाडाच्या. लोक खूश झाले. देशी झाड, सावली दाट, आणि गाडीला डाग नाही. सोसायट्या चिठ्ठ्या पाठवून रोपं मागू लागल्या. माझ्या रजिस्टरात "काडी कोठून घेतली" असा रकाना आहे. पहिल्या ओळीत मी लिहिलं, "पाण्याच्या टाकीमागील झाड." दुसऱ्या ओळीत लिहिलं, "वरीलप्रमाणे." त्यानंतर मला त्या रकान्यात दुसरं काही लिहावं लागलं नाही.

शहराच्या टोकाला खडीची एक बंद पडलेली खाण आहे. बारा वर्षांपूर्वी ती आमच्या ताब्यात आली, पण अट घालून. बारा वर्षांनी तपासणी व्हायची. लावलेल्या झाडांखाली त्यांची स्वतःहून उगवलेली रोपं दिसली, तर जमीन सावरली असं समजून ती कायमची झाडांना सोडायची. दिसली नाहीत, तर जागा बांधकाम खात्याकडे परत आणि तिथे जड वाहनांचा तळ. आम्ही पंधराही जातींची मिळतील तेवढी रोपं लावली. दगडाच्या चुऱ्यात दोन उन्हाळ्यांत काळफळी सोडून सगळी गेली. मग जिथे जिथे खड्डा रिकामा झाला तिथे कात्रीबुवांनी काळफळीच लावली. अकराशे झाडं झाली. पहिली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशीही ते कॅन घेऊन पाणी घालायला जायचे. नंतर दर वर्षी पाऊस सरला की माणसं लावून खालचं सगळं तण उपटून घ्यायचे, पालापाचोळा झाडून घ्यायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, खाण कसली, बाग वाटते. घरी एकटाच असलेला, बोलायला कचरणारा माणूस. पण कोणी असं म्हणालं की त्यांचे कान लाल व्हायचे. त्यांना आयुष्यात अभिमान वाटावा अशी गोष्ट हीच एक होती.

दुसरी एक गोष्ट होती, तिचा मात्र त्यांना मनस्ताप व्हायचा. त्यांची थोरली बहीण, आमच्या गल्लीच्या ताई. माझ्यापासून दोन घरं सोडून राहतात आणि त्यांच्या परसाची मागची भिंत खाणीला लागून आहे. त्या परसात एक काळफळी होती, कोणी न लावता आलेली, वाकडीतिकडी, आणि फळांचा सडा घालणारी. कात्रीबुवा दर रविवारी बहिणीकडे जेवायला यायचे आणि जेवणाआधी भांडायचे.

"ताई, हे तोडून टाक. काय ही घाण."

"घाण नाही ती, फळं आहेत."

"भिंतीपलीकडे माझी अकराशे आहेत. एक डाग दाखव."

"तुझी झाडं तुझ्यावर गेलीत," ताई म्हणायच्या. "माझं माझ्यावर गेलंय. आता हात धू."

हे सात-आठ वर्षं चाललं. गेल्या वर्षी ताईंचा पाय फळांवरून घसरला आणि मनगट मोडलं. पुढच्या रविवारी कात्रीबुवा करवत घेऊनच आले. ताई हात प्लास्टरात घेऊन पायरीवर बसून होत्या आणि या वेळी काही बोलल्या नाहीत. दुपारपर्यंत झाड आडवं झालं. काम अर्धवट ठेवायची बुवांना सवय नव्हती. बुंध्याला परत धुमारे फुटू नयेत म्हणून त्यांनी ड्रिलने भोकं पाडली आणि त्यात मीठ ठासून भरलं. ड्रिलसाठी लागणारी वायर माझ्या घरून गेली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी तपासणीसाठी एक बाई आल्या. माझ्या भाचीच्या वयाच्या, गळ्यात भिंग, पायात मातीने भरलेले बूट. ही पहिली पाहणी होती. अकराशे झाडं फुलली होती आणि कात्रीबुवांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"छान जगवलीत," बाई म्हणाल्या. "फळं कधी धरतात?"

"धरत नाहीत," कात्रीबुवा म्हणाले. "स्वच्छ झाड आहे."

बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. मग बुवांचा चेहरा बघून त्या हसायच्या थांबल्या. त्यांनी एक फूल तोडून भिंगाखाली धरलं. मग पुढच्या झाडाचं, मग त्याच्या पुढच्याचं. वीसेक झाडं बघून त्या परत आल्या.

"काका, ही सगळी नर आहेत."

"म्हणजे?"

"पपईसारखं असतं यांचं. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. बी लावलं असतंत तर आपोआप निम्मी-निम्मी झाली असती. काड्या एकाच झाडाच्या घेतल्यात का?"

बुवांनी माझ्याकडे बघितलं. मी काखेतल्या रजिस्टराकडे बघितलं.

बाई चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, की शेवटची तपासणी तीन महिन्यांनी आहे, तोवर झाडांखाली आपलं आपण उगवलेलं काही सापडतंय का बघा. नाहीतर त्यांना जे दिसेल तेच लिहावं लागेल.

पपईचं कोणाला माहीत नसतं? मलाही माहीत होतं. पण ही चूक आमच्या हातून व्हावी यात एक गंमत आहे, आणि ती मला अजून नीट हसू देत नाही. बी पेरणाऱ्याला ही चूक करताच आली नसती. साध्या माळ्यालाही नाही. त्याच्या काड्या मेल्या असत्या, मग तो दुसऱ्या झाडाकडे गेला असता, तिसऱ्याकडे गेला असता. अकराशे वेळा तेच एक झाड लावायला ज्याची काडी मरत नाही असाच माणूस लागतो. आणि ते बारा वर्षं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवायला माझ्यासारखी बाई लागते.

ऑफिसात आल्यावर त्यांनी सगळी रजिस्टरं काढायला लावली. पानामागून पान बोट ठेवून वाचलं. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," ते म्हणाले.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

दोघांचाही पारा चढलेला होता. मग मीच सुचवलं. हे मी लपवत नाही. म्हटलं, कुठूनतरी चार रोपं आणा आणि द्या खोचून झाडांखाली, कोण बघतंय.

"पिशवीतल्या रोपाचं मूळ गोल फिरलेलं असतं," ते म्हणाले. "ती बाई बोटाने उकरून बघेल. मी जन्मभर गोल मुळंच केलीत, मला नका सांगू." कपाचा डाग तसाच ठेवून ते उठून गेले.

त्या संध्याकाळी मी ताईंकडे भाजी चिरून देत होते. प्लास्टर निघालं होतं, पण त्यांच्या मनगटात अजून जोर नव्हता. रविवार नसताना भावाला दारात बघून ताईंनी आधी विचारलं, "कोण गेलं?" बुवा परसात बुंध्यापाशी जाऊन उभे राहिले आणि चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. झाडं नर आहेत. फळ धरणार नाही. जागा जाणार. चूक माझी आहे.

ताईंनी बुंध्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हे माझं होतं ते मादी म्हणायचं."

"हो."

"तरीच. आधी याला मूठभर फळं यायची, सांगायचे ना मी तुला. मग काय झालं कोण जाणे, एका वर्षी लदबदून गेलं, ते दर वर्षी तसंच. तू म्हणालास, झाड म्हातारं झालंय."

"कोणत्या वर्षापासून?"

"सात-आठ वर्षं झाली असतील."

बुवांनी भिंतीपलीकडे बघितलं. त्यांची झाडं पहिल्यांदा फुलली त्याला आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून दर वर्षी वारा तो सगळा पराग भिंतीवरून या एका झाडावर आणून टाकत होता. हे माझ्याही डोक्यात त्याच क्षणी आलं आणि माझ्या हातातली सुरी थांबली. ते मीठ भरलेल्या बुंध्यावर बसले.

"म्हणजे तू पडलीस ती माझ्या झाडांमुळे," ते म्हणाले.

"मी पडले ती चप्पल झिजली होती म्हणून," ताई म्हणाल्या. "उगाच सगळा मोठेपणा स्वतःकडे घेऊ नकोस."

मग बुवांनी विचारलं, की परसात याची रोपं उगवायची का. ताई म्हणाल्या, ढिगाने. पण त्या रोज सकाळी उपटून टाकायच्या, भावाला घाण दिसू नये म्हणून. "पलीकडे बघ की. पाखरं जेवायची इथे आणि हात धुवायला तुझ्याकडे जायची. सकाळभर तुझ्या झाडांवर बसलेली असायची."

"पलीकडे मी दर वर्षी साफ करून घेतो."

ते असं म्हणाले आणि आपण काय म्हणालो ते त्यांना ऐकू आलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. अकराशे झाडांखालची जमीन त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली, दहा वर्षं, एक काडी शिल्लक न ठेवता झाडून घेतली होती.

"कोपरा राहिलाय," ताई म्हणाल्या. "भिंतीच्या टोकाला जुन्या कुंपणाच्या काट्यांचा ढीग पडलाय ना, तिथे तुझी माणसं हात घालत नाहीत. मी गच्चीतून बघते. येतात, ढिगापर्यंत झाडतात आणि विडी ओढून परत जातात."

आम्ही वळसा घालून खाणीत गेलो. ऊन अजून होतं. ढीग कमरेएवढा, वाळून राखाडी झालेला. बुवांनी खिशातली कात्री काढली, मग काय वाटलं कोण जाणे, परत ठेवली आणि हातांनीच काटे बाजूला करायला लागले. इस्त्रीचा शर्ट दोन ठिकाणी फाटला. मग ते पोटावर आडवे झाले आणि हलेचनात. मला वाटलं चक्कर आली. मी वाकून बघितलं.

काट्यांच्या आत रोपं होती. काही बोटभर, काही गुडघ्याएवढी, दगडांच्या फटीतून उजेड शोधत वाकडी झालेली. एकही सरळ नव्हतं. त्यांनी दोनदा मोजली, ओठ हलवत. तेवीस. एकालाही हात लावला नाही. मग तसेच आडवे पडून ते रडले. आवाज न करता, पण मला दिसेल असे. बावीस वर्षांत या माणसाबद्दल मला आपुलकी वाटल्याचं आठवत नाही. तेव्हा वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

शेवटच्या तपासणीला बाई ढिगापाशी उकिडव्या बसल्या. त्यांनी खरंच बोटाने उकरलं. एका रोपाचं मूळ सरळ फटीत खोल गेलेलं होतं. "ही आपली आपण आलीत," त्या म्हणाल्या आणि पेन उघडलं. माझा जीव भांड्यात पडला. आता बुवांनी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"यांची आई या भिंतीमागे होती," कात्रीबुवा म्हणाले. "माझ्या बहिणीच्या परसात. मी तोडली. बुंध्यात मीठ भरलं, आता फुटणार नाही. तेव्हा यापुढे नवी रोपं येतील असं समजू नका. हीच तेवीस आहेत."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. बाईंनी पेन तसंच धरून त्यांच्याकडे बघितलं.

"यात माद्या किती असतील?" बुवांनीच विचारलं.

"निम्म्या असायला हव्यात. पण फुलल्याशिवाय कळणार नाही. सात-आठ वर्षं तरी."

बुवांची निवृत्ती चार महिन्यांवर होती. त्यांनी मान डोलावली.

बाईंनी कागद पुन्हा वाचला. त्यावर एवढाच प्रश्न होता, की स्वतःहून उगवलेली रोपं आढळली का. त्यांनी लिहिलं, "आढळली." खाली आणखी एक ओळ लिहिली, "साफसफाई तात्काळ बंद करावी." सही केली. जाताना त्या म्हणाल्या, "बाकीचं तुमच्या रजिस्टरात लिहून ठेवा. आठ वर्षांनी येईल त्याला कळलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी बुवा सकाळीच माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मी कोरं पान काढलं. तारीख लिहिली. जात, काळफळी. संख्या, तेवीस. पुढच्या रकान्यापाशी थांबले आणि विचारलं, "कोठून?"

"ताईच्या परसातलं झाड."

मी लिहिलं.

"पुढे लिहा, तोडलेलं."

तेही लिहिलं.

"कोणी तोडलं तेही लिहा."

मी म्हटलं, बुवा, रकान्यात जागा नाही, आणि तशी पद्धतही नाही.

"मग समासात लिहा," ते म्हणाले आणि सांगू लागले. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, हजेरीपटावर असतं तसं पूर्ण. मी लिहीत गेले. लिहून झाल्यावर त्यांनी रजिस्टर स्वतःकडे वळवून एकदा वाचलं, आणि शाई वाळेपर्यंत ते मिटू नका म्हणाले.